चारशे एक

सकाळचे अकरा वाजायचे होते, कपातला चहा अर्धा उरला होता, आणि जुन्या फाइलीतल्या अठ्ठेचाळिसाव्या ओळीवर त्याची नजर अडकली. ओळ होती एका शब्दाची. एक्झिट. इथंच थांब, पुढं काही करू नकोस, एवढाच त्या शब्दाचा हुकूम. पण शब्दाच्या आधी दोन तिरप्या रेघा होत्या, आणि अशा रेघा मारलेली ओळ यंत्र वाचतच नाही, ओलांडून पुढं जातं. शब्दाच्या शेजारी त्यानंच कधीतरी लिहून ठेवलं होतं : 'तात्पुरतं'. त्यानं कप खाली ठेवला. पलीकडच्या खोलीत रक्ताच्या नळ्या फिरवणारं यंत्र घरघरत होतं, स्पिरिटचा वास दाराखालून येत होता, कोणीतरी कोणाला तरी 'अहो, उपाशीपोटी आलात ना?' असं विचारत होतं. एकोणीस वर्षं तो या प्रयोगशाळेत ह्याच खोलीत बसत आला होता. रक्त, थुंकी, मांसाचे तुकडे तपासायचं काम पलीकडचे लोक करत, आणि त्यांना जे दिसलं ते माणसांपर्यंत पोचवण्याचं काम याच्या स्क्रिप्टा, म्हणजे यानं संगणकाला लिहून दिलेले हुकूम, करत. आता नवा सर्व्हर आला होता आणि जुनी एकेक फाइल वाचून त्याच्यावर न्यायची होती. रटाळ काम. घर बदलताना फळीवरचे डबे खाली काढावेत तसं.

ती फाइल तपासणीचा निकाल दाखवणाऱ्या पानाची होती. त्या पानाला कुलूप होतं, अगदी साधं, जुन्या पद्धतीचं. कोणी पान मागितलं की सर्व्हर आधी म्हणायचा, चारशे एक. म्हणजे, तुम्ही कोण ते सांगितल्याशिवाय मिळणार नाही. मग ब्राउझर समोर एक राखाडी चौकट आणायचा. त्यात नाव, पासवर्ड, आणि खाली दोन बटणं, 'ठीक' आणि 'रद्द'. नाव-पासवर्ड बरोबर असला तर निकाल दिसायचा. चुकला तर चौकट पुन्हा यायची. आणि 'रद्द' दाबलं तर एक ओळ दिसायला हवी होती, 'हे पान पाहण्याची आपणास परवानगी नाही', आणि तिथंच सगळं थांबायला हवं होतं. थांबवणारा शब्द तोच, दोन रेघांमागचा. त्यानं पान उघडलं. चौकट आली. इतक्या वर्षांत त्यानं हजारदा बरोबर पासवर्ड घालून पाहिला होता, शेकडोदा मुद्दाम चुकीचा घालून पाहिला होता. 'रद्द' मात्र कधी दाबलं नव्हतं. कोण दाबतं? ज्याला आत जायचंय तो खटपट करत राहतो. त्यानं 'रद्द' दाबलं. परवानगी नसल्याची ओळ आली, आणि तिच्या खाली सबंध निकाल आला. कोणा एका चौसष्ट वर्षांच्या माणसाचं रक्त, त्याची साखर, त्याचं मूत्रपिंड, सगळं. दारात आडवं उभं राहून 'आत यायचं नाही' म्हणायचं, आणि त्याच वेळी घरातलं सामान एकेक करून बाहेर आणून मांडायचं, असला तो प्रकार होता.

त्यानं ते पान झटकन बंद केलं. रेघा कधी मारल्या ते शोधायला फार वेळ लागला नाही. फाइलीच्या जुन्या प्रती तो ठेवत असे. तीन वर्षांपूर्वीची एक दुपार. त्या आठवड्यात सर्व्हरची मांडणी बदलली होती आणि अचानक सगळ्या डॉक्टरांना पान नाकारू लागलं होतं. लोक नाव-पासवर्ड घालत, ब्राउझर ते पाठवतही असे, पण स्क्रिप्टच्या हातात काहीच पडत नसे. मधल्यामध्ये कोणीतरी खिसा कापावा तसं. नक्की काय येतंय ते डोळ्यांनी बघावं म्हणून त्यानं थांबवणारी ओळ तेवढ्यापुरती बंद केली आणि आलेलं सगळं पडद्यावर छापून घेतलं. चूक सापडली, दोन ओळींत दुरुस्तही झाली. छापायच्या ओळी त्यानं काढून टाकल्या. रेघाही पुसणार, तेवढ्यात फोन वाजला. भाऊजी होते. म्हणाले, "खाली ये. मी गेटपाशी आहे. तिचा रिपोर्ट आलाय." तो तसाच उठून गेला. खाली भाऊजी पाकीट हातात धरून उभे होते, ज्यात पासवर्ड असतो ते बंद पाकीट, आणि ते त्यांनी फोडलेलं होतं. "वर जाऊन मोठ्या पडद्यावर बघून घे," ते म्हणाले, "मला त्यातलं कळत नाही." पण त्यांना कळलेलं होतं. त्यांच्या ओठांचा रंग गेला होता.

ताई त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. एका कॉलेजच्या ग्रंथालयात ती ग्रंथपाल होती. यकृतात सुरू झालेलं दुखणं तोवर सगळीकडे पसरलेलं होतं, आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. फार तर आठ-दहा महिने, म्हणाले. त्याच संध्याकाळी भाऊजींनी ठरवलं, तिला कळता कामा नये. "तुमच्या आईचं काय झालं ते मी पाहिलंय," ते म्हणाले. ते खोटं नव्हतं. आईला सांगितलं आणि तिनं अशी हाय खाल्ली की दुखण्याआधी भीतीनंच ती गेली, चाळीस दिवसांत. ताईला सांगायचं ते यकृताला सूज आहे म्हणून. औषधं आहेत, वेळ लागेल. भाची तेव्हा वीस वर्षांची होती. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, शरीर आईचं आहे. तिचं तिला सांगायला नको?" भाऊजी म्हणाले, "तू लहान आहेस." मग तिनं मामाकडे पाहिलं. त्यानं, आपण फार शहाण्यासारखं बोलतोय अशा आवाजात सांगितलं, "भाऊजी म्हणतात ते बरोबर आहे. आत्ता नको." भाचीनं पाण्याचा पेला इतका सावकाश ठेवला की त्याचा आवाजसुद्धा झाला नाही. ते सावकाश ठेवणं त्याला नंतर बरेच दिवस ऐकू येत राहिलं.

आता त्यानं जुने लॉग काढले. कोणी कधी कुठलं पान मागितलं आणि त्याला काय मिळालं याच्या नोंदी. सर्व्हर त्या दिवसरात्र लिहीत असतो, आणि हा त्या कधी पुसत नसे. महिन्याच्या महिना बांधून एका डिस्कवर टाकत असे. नकार दिला की सर्व्हर चारशे एक लिहितो, आणि पुढं, किती अक्षरं पाठवली त्याचा आकडा. नुसत्या नकाराला दोनशे अक्षरं पुष्कळ झाली. त्यानं चारशे एकच्या अशा ओळी शोधल्या, जिथं आकडा दहा हजारांच्या वर होता. त्या हजारोंनी निघाल्या, कारण चौकट येते तेव्हाही मागून सगळं पान आलेलंच असतं, फक्त दिसत नाही. मग त्याला सुचलं की पान खरोखर पडद्यावर उमटलं असेल तर त्याच्या पुढच्याच ओळीत प्रयोगशाळेच्या चिन्हाचं चित्र मागितलेलं असणार. त्यानं तसं चाळलं. आता थोड्याच उरल्या. अकरा रुग्ण. अकरा घरांत कोणीतरी कंटाळून, चुकून 'रद्द' दाबलं होतं आणि जे पाहायचं नव्हतं ते पाहिलं होतं. आणि बारावा क्रमांक वाचताना त्याला तो वाचावा लागलाच नाही. तो त्याला पाठ होता. आठ महिने रोज सकाळी त्यानं तोच टाईप केला होता.

ज्या संगणकावरून पान मागितलं होतं त्याचा पत्ताही ओळखीचा निघाला. कॉलेजच्या ग्रंथालयाचा. तिथली पुस्तकांची यादी संगणकावर चढवून द्यायला ताईनंच त्याला बोलावलं होतं, तेव्हा तो पत्ता त्यानं स्वतः मांडून दिला होता. पहिल्या रिपोर्टनंतरचा नववा दिवस. दुपारचा एक वाजून वीस मिनिटं. जेवणाच्या सुट्टीची वेळ, वाचनकक्ष रिकामा होतो ती. पावतीवर पानाचा पत्ता आणि रुग्णाचा क्रमांक छापलेला असे आणि पावती तिच्या पर्समध्ये होती, हे त्यांच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पाकीट जपलं की झालं, असं वाटलं होतं. लॉगमध्ये पासवर्ड लिहिला जात नाही, पण नाव लिहिलं जातं. पहिल्यांदा तिनं स्वतःचं नाव घालून पाहिलं होतं. मग भाऊजींचं. मग तिसऱ्यांदा तिनं घातलं होतं 'ढब्बू'. ते याचं नाव. लहानपणी तो गोल होता म्हणून तिनं ठेवलेलं, आणि तिच्याखेरीज कोणी न वापरलेलं. ढब्बूनं केलेलं कुलूप आहे, ढब्बूच्याच नावानं उघडेल असं तिला वाटलं असावं. चारशे एक. आणि मग सव्वीस सेकंदांनी चिन्हाच्या चित्राची ओळ. म्हणजे तिनं 'रद्द' दाबलं होतं. सव्वीस सेकंद ती त्या चौकटीसमोर बसली होती, मग नाद सोडून 'रद्द' दाबलं होतं. आणि पान उघडलं होतं.

त्यानं पुढच्या नोंदी पाहिल्या. चार दिवसांनी पुन्हा. आता नाव वगैरे काही नव्हतं. पान मागितलं, लगेच 'रद्द', लगेच चित्र. तिला वाट सापडली होती. मग दर दहा-बारा दिवसांनी, नवा निकाल चढला की एक-दोन दिवसांत, तीच वेळ, एक वीस, एक पंचवीस. एकूण एकोणीस वेळा. शेवटची नोंद ती ग्रंथालयात शेवटची गेली त्या दिवसाची. त्यानंतर ती पलंगावरून फारशी उठली नाही.

पलीकडचं यंत्र थांबलं. चहावर साय धरली होती. तो पडद्याकडे बघत राहिला आणि त्या आठ महिन्यांतला एकेक दिवस मागून येऊन त्याच्या खांद्याला हात लावू लागला. सुरुवातीला तो गेला की ती विचारायची, "काय रे, काय म्हणतोय रिपोर्ट?" तो म्हणायचा, "उतरतेय की सूज. हळूहळू उतरते ही." म्हणताना तो तिच्या उशीच्या अभ्र्याकडे बघायचा. अभ्र्यावर निळी बारीक फुलं होती, ती किती होती तेही त्याला सांगता आलं असतं. आणि मग एके दिवशी तिनं विचारणं सोडलं. तो जायचा, ती म्हणायची, "बस. काय नवीन?" आणि ग्रंथालयातल्या गमती सांगायची. एक म्हातारे प्राध्यापक पुस्तकात खूण म्हणून बसचं तिकीट, वीजबिल, एकदा तर सॉक्स ठेवून पुस्तक परत करतात, ते. त्याला केवढं हायसं वाटलं होतं. चला, हिचा विश्वास बसला. गाडी रुळावर आली. जिन्यावरून उतरताना तो एकदा शीळसुद्धा घालत उतरला होता, ते आता आठवलं आणि त्याच्या कानशिलांना चटका बसला. तिचा विश्वास बसला नव्हता. तिला त्याला खोटं बोलायला लावायचं नव्हतं. तो अभ्र्याकडे बघतो हे तिनं पाहिलं असणार. तिनं त्याला खोटं बोलताना तो चार वर्षांचा असल्यापासून पाहिलं होतं.

आणि एकदा तिनं विचारलं होतं. ते आठवायला नको म्हणून मन इतका वेळ आजूबाजूला फिरत होतं. मधल्या काळातली दुपार, ती खिडकीशी खुर्चीत, पायांवर शाल. "तुमच्याकडचे रिपोर्ट त्या पानावर असतात, ते नीट बंद असतात ना रे? नाहीतर कोणीही बघायचं." तो घाबरला होता, आणि घाबरून जास्तच बोलला होता. दाराशी राखणदार असतो, नाव विचारतो, नाव पटल्याशिवाय मुंगीही आत जात नाही, मी स्वतः केलंय. तिनं विचारलं, "आणि ते नाव वाटेत कोणी वाचलं तर?" तेव्हा त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं होतं की त्या पद्धतीत पासवर्ड काही लपवून जात नाही, नुसता अक्षरं फिरवून जातो, ज्याला रीत माहीत आहे तो सरळ वाचू शकतो, म्हणून बाहेरून वेगळं कुलूप घालावं लागतं. "म्हणजे आपली च-ची भाषाच की," ती म्हणाली. लहानपणी दोघं आईसमोर च-च्या भाषेत बोलायची, 'पाणी'चं 'चाणीप', 'ढब्बू'चं 'चब्बूढ', आणि आईला काही कळत नाही म्हणून फिदीफिदी हसायची. आईला सगळं कळायचं. मुलांची गंमत जाऊ नये म्हणून ती मख्ख चेहऱ्यानं भाजी निवडत बसायची. "पण तुझं काम पक्कं आहे म्हणतोस," ताई म्हणाली होती. "एकदम पक्कं," तो म्हणाला. ती हसली होती. छान, मोकळं, बऱ्याच दिवसांनी हसली म्हणून त्यानं घरी जाऊन बायकोलाही सांगितलं होतं की आज ताईची तब्येत बरी वाटली. तिच्या एका शब्दानं त्यानं ती ओळ दुरुस्त केली असती. मग तिला पुढचं काही दिसलं नसतं. आणि त्याला मात्र कळलं असतं, की तिला कळलं. तिनं त्याची चूक सांभाळली होती. आठ महिने, पदराआड दिवा सांभाळावा तशी.

त्यानं दोन रेघा पुसल्या. एवढंच करायचं होतं. मग उठून तो मुख्य डॉक्टरबाईंकडे गेला आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, ताईचं सोडून. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तीन वर्षं?" "हो." "आणि कोणी तक्रार केली नाही?" "ज्यांना दिसलं ते कशाला करतील?" बाईंनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाल्या, "तुम्ही गुपचूप दुरुस्त करून टाकलं असतंत तर कुणाच्या बापाला कळलं नसतं." त्यानं मान हलवली. "त्या सगळ्यांना पत्र जायला हवं," त्या म्हणाल्या. "काय झालं ते आणि आपण दिलगीर आहोत, असं. घरच्या पत्त्यावर. यादी करून द्या मला, परवा निघतील. तुमचं काय करायचं ते मंडळ ठरवेल." दारापाशी तो पोचला तेव्हा बाईंनी विचारलं, "किती जण म्हणालात?" तो म्हणाला, "मोजून सांगतो."

यादी त्यालाच करायची होती, हीच तर गोम होती. अकरा नावं त्यानं भराभर लिहिली. बाराव्या जागी त्याची बोटं थांबली. तिथं ताईचं नाव लिहिलं की परवा भाऊजींच्या दारात पत्र पडणार. आणि भाऊजींकडे दुसरं होतं काय? ताईला जाऊन सव्वादोन वर्षं झाली होती. रस्त्यांची मोजणी करण्यात जन्म गेलेला तो माणूस आता खोलीतून खोलीत जाताना भिंत चाचपत जायचा. भेटलं की वाक्य एकच : "शेवटपर्यंत तिला कळू दिलं नाही आपण. भीती म्हणून नाही पाहिली तिनं." हे म्हणताना त्यांचा आवाज दरवेळी थोडा वर चढायचा, पाठ सरळ व्हायची. तेवढ्या एका वाक्याच्या टेकूवर तो माणूस उभा होता. तो टेकू काढायचा? मेलेल्या माणसाचं गुपित जिवंत माणसाच्या डोक्यात कशाला हाणायचं? अकरावर यादी संपली तरी कोणाचं काही बिघडत नव्हतं. पण दुसरीकडे भाची होती. ती दूर, दुसऱ्या शहरात नोकरीला. बापाला महिन्यातून एकदा, तीन मिनिटांचा फोन. दिवसकार्य झाल्यावर निघताना ती मामाला जिन्यात म्हणाली होती, "मी आईशी आठ महिने खोटं बोलले. तुम्ही दोघांनी मला बोलायला लावलं. आणि ती मला 'परीक्षा दे, मी ठणठणीत आहे' म्हणाली, आणि मी गेले. तिला माहीत असतं तर तिनं मला जाऊ दिलं असतं का, मामा?" ती पोचली तेव्हा एक दिवस उशीर झाला होता. त्या प्रश्नाचं उत्तर आता त्याच्या समोर पडद्यावर होतं, आणि ते उत्तर 'हो' असं होतं. तो दुपारभर बसून राहिला. चार वाजता त्यानं बारावं नाव लिहिलं, यादी बाईंच्या टेबलावर ठेवली, आणि पत्र पोचायच्या आत आपण पोचलं पाहिजे म्हणून थेट भाऊजींच्या घराचा रस्ता धरला.

भाऊजी खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याबरोबर बुद्धिबळ खेळत बसले होते. या शेजाऱ्याशी त्यांचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं, गळक्या पाइपावरून. ताईनंच आजारपणात त्याला वर बोलावून, चहा पाजून, दोघांना एका पटावर बसवलं होतं. तेव्हा भाऊजी वैतागले होते, आजारपणानं हिचं डोकं फिरलं म्हणून. याला पाहून शेजारी उठला, "उद्या पुरा करू" म्हणून गेला. भाऊजींनी सोंगट्या तशाच ठेवल्या. "असा मधेच कसा काय आलास? ऑफिस नाही?" आणि मग, काहीतरी बोलायचं म्हणून, तेच : "आज सकाळीच मनात आलं बघ. काही असो, शेवटपर्यंत आपण तिला..."

"भाऊजी, तिला माहीत होतं."

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं सांगितलं. रेघा, रद्दचं बटण, ग्रंथालयाचा पत्ता, एक वीसची वेळ. सोपं करून सांगायचा प्रयत्न केला, पण तांत्रिक शब्द मधेमधे येत राहिले, आणि त्याला त्या शब्दांचा आधार वाटत होता म्हणून त्यानं ते येऊ दिले. भाऊजींचा चेहरा आधी रागानं तांबडा झाला. "हे मला कशाला सांगतोस तू? कोणी विचारलं होतं तुला?" "पत्र येणार आहे. आमच्याकडून." "फाडून टाकलं असतं मी पत्र!" ते ओरडले. पटावरचा एक प्यादा लवंडला आणि गोल फिरत राहिला. त्यानं तो उचलून उभा केला. खिडकीबाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा पुन्हापुन्हा वाजणारा आवाज येत होता. तो आवाज थांबला तेव्हा भाऊजींचा रागही ओसरला होता आणि त्याखाली जे होतं ते उघडं पडलं होतं.

"किती वेळा म्हणालास?"

"एकोणीस."

"एकटीच असायची का रे ती तेव्हा?" त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "शेजारी कोणी बसलेलं असेल ना? ती एक मदतनीस होती बघ तिची. कोणीतरी असेल."

"ते त्यात लिहिलेलं नसतं, भाऊजी."

त्यांनी मान डोलावली, जणू हिशेबी माणसाला हे पटण्यासारखं उत्तर होतं. मग ते म्हणाले, "आपण तिघं होतो. मी, तू, पोर. एकमेकांशी बोलायचो तरी. रात्री तू फोन करायचास. मी रडायचो तुझ्यापाशी." आणि थोड्या वेळानं, "मला वाटलं, मी तिला सांभाळतोय." त्यांनी दोन्ही तळहात गुडघ्यांवर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसले. त्याला वाटलं, जाऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवावा. पण या घरात कोणी कोणाच्या पाठीवर हात ठेवत नसे, ते काम ताईचं होतं. तो बसल्या जागीच राहिला. खोलीतला उजेड हळूहळू पिवळा झाला.

"पोरीला फोन लाव," भाऊजी म्हणाले.

"मी बोलू?"

"नाही. लावून दे नुसता."

त्यानं लावून दिला. पलीकडून भाचीचा सावध आवाज आला, "बाबा? काय झालं?" अवेळी फोन म्हणजे वाईट बातमी, हे त्या घरात सगळ्यांना सवयीचं झालं होतं. भाऊजींनी घसा खाकरला. मोजणीवर असताना लांबच्या माणसाला आकडे सांगायचे तसा त्यांचा आवाज मोठा लागला. "ऐक. आईला माहीत होतं. पहिल्यापासून. नाही, मी नाही सांगितलं. माझ्याच्यानं नाही झालं ते. तिनं तिचं तिनं वाचलं." मग ते बराच वेळ ऐकत राहिले, आणि ऐकता ऐकता फोन त्याच्यापुढं धरला. "तुला विचारतेय."

"मामा," भाची म्हणाली, "मी परीक्षेला निघाले तेव्हा? तेव्हा तिला माहीत होतं?"

"हो."

"नक्की?"

"त्याच्या दोन दिवस आधीची नोंद आहे. शेवटचा रिपोर्ट तिनं वाचला होता."

हे सांगितलं की तिच्या मनावरचा दगड उतरेल, असं तो वाटेत स्वतःला समजावत आला होता. आईला फसवलं नाहीस तू, तिला फसवणं कोणाला जमलंच नाही, असं काहीतरी त्यानं म्हणायचंही ठरवलं होतं. पण पलीकडून जो आवाज आला तो दगड उतरल्याचा नव्हता. ती रडत होती, लहान मुलासारखी, श्वास अडकत. "मग ती मला थांब का नाही म्हणाली? परत ये तरी का नाही म्हणाली? एकदा ये म्हणाली असती तर आले असते ना मी."

कदाचित ताईला पोरीचा रोजचा खोटा हसरा चेहरा बघवेनासा झाला असेल. कदाचित परीक्षेच्या नावाखाली तिला पोरीची सुटका करायची असेल. कदाचित ताईला मनातून फार वाटलं असेल की ये म्हणावं, आणि म्हणता आलं नसेल, कारण म्हटलं असतं तर सगळंच बाहेर आलं असतं. नोंदी कितीही चाळल्या तरी हे कुठं सापडणार नव्हतं. तो फोन कानाशी धरून नुसता उभा राहिला, आणि त्याचं ते उभं राहणं बघून भाऊजी खुर्चीतून उठले, भिंतीला हात न लावता चार पावलं आले, आणि त्यांनी फोन त्याच्या हातातून काढून घेतला.

"अगं, तू ये," ते म्हणाले. "मी म्हणतोय, ये. उद्या ये. कामावर काय सांगायचं ते सांग."

भाऊजींनी फोन कानावर आणखी घट्ट दाबला आणि ते तिच्या उत्तराची वाट बघत उभे राहिले.